पिंपात फिरणारी नदी

पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीचं पात्र उन्हाळ्यात उघडं पडलं की कातळात कोरलेले रांजण दिसू लागतात. काही हातभर खोल, काही माणूस बुडेल एवढे. आतून गुळगुळीत, वळसेदार. हेच निघोजचे रांजणखळगे. ते कोरणारं हत्यार पुष्कळदा त्यांच्याच तळाशी पडलेलं असतं : गोल गोटे. पुराच्या भोवऱ्यात सापडलेला दगड गरगर फिरतो आणि कातळ झिजवतो. कातळही त्याची परतफेड करतो. खळगा खोल होत जातो, गोटा गोल होत जातो. रांजण जागच्या जागी, दगड फिरता.

आता हे उलटं करून पाहा. रांजणच फिरता ठेवायचा. आतून रबर लावलेलं लहानसं पिंप घ्यायचं, त्यात मूठ-दोन मूठ खडे, थोडं पाणी आणि चमचाभर धारदार भुकटी घालायची, झाकण घट्ट लावायचं आणि दोन फिरत्या दांड्यांवर ते आडवं ठेवून मोटर चालू करायची. रात्रंदिवस, सुमारे महिनाभर. शेताच्या बांधावर पडलेला मळकट, ओबडधोबड खडा बाहेर येतो तो तांबूस, अर्धपारदर्शक, अंगावर बारीक पट्टे मिरवणारा आणि ओला नसतानाही ओला वाटणारा. या छंदाला रॉक टंबलिंग म्हणतात. दिसायला तो पोरखेळ आहे. पण त्या पिंपात भूगोल, रसायन, प्रकाशशास्त्र आणि चार-साडेचार हजार वर्षांची कारागिरी एकदमच फिरत असते.

कोपरे आधी जातात

नदीतला दगड गोल का होतो? झिजून, हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धं. झीज सगळीकडे सारखी होत असती तर चौकोनी दगड लहान होत गेला असता, पण चौकोनीच राहिला असता. खरी गोष्ट अशी की दोन दगड आपटतात तेव्हा मार बसतो तो पुढे आलेल्या कोपऱ्यांना आणि कडांना. सपाट बाजू सुरक्षित राहते. जिथे वळण तीव्र, तिथे झीज जास्त. हंगेरीचे गणितज्ञ गाबोर डोमोकोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की या प्रवासाचे दोन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात कोपरे गळून पडतात, पण दगडाची लांबी-रुंदी जवळजवळ तेवढीच राहते. टोकं संपली की दुसरा टप्पा सुरू होतो आणि मग दगड खऱ्या अर्थाने लहान होऊ लागतो.

गोटा पाहून नदीचा प्रवास वाचता येतो तो यामुळेच. २०१२ साली 'क्युरिऑसिटी' यानाने मंगळावरच्या गेल विवरात गोल खड्यांचे फोटो काढले. वाऱ्याने एवढे मोठे खडे लोळवले नसते. म्हणजे तिथे कधीकाळी पाणी वाहत होतं. पुढे त्या खड्यांच्या आकारावरून गणित मांडून शास्त्रज्ञांनी अंदाज केला की ते आपल्या मूळ जागेपासून सुमारे ५० किलोमीटर वाहत आले असावेत. दुसऱ्या ग्रहावरच्या आटलेल्या ओढ्याची लांबी दगडाच्या गोलाईवरून सांगितली गेली!

आपल्याकडे नदीच्या या कामाची कदर फार जुनी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक घरांत पंचायतनाची पूजा असते. त्यातला विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, महादेवाचा बाण नर्मदेचा आणि गणपतीचा लालसर शोणभद्र शोण नदीचा. तीन नद्यांनी घोटलेले तीन दगड एका ताम्हनात. त्यातल्या शाळिग्रामाच्या पोटात तर बऱ्याचदा ॲमोनाइट या नामशेष समुद्री जिवाचं चक्र असतं. हिमालय उभा राहण्याआधी तिथे असलेल्या समुद्राची ती खूण. श्रद्धेने पाहा किंवा भूशास्त्राच्या नजरेने. दगड निवडून घरी आणायचे, जपायचे आणि त्यांची नदी लक्षात ठेवायची, ही सवय आपल्याला नवी नाही.

महिनाभराचं दळण

पिंपातलं काम टप्प्याटप्प्याने चालतं. सगळा कारभार भुकटीच्या आकड्यांवर असतो. हा आकडा चाळणीचा : एका इंचात जितकी भोकं जास्त, तितकी भुकटी बारीक आणि आकडा मोठा. पहिल्या आठवड्यात ६० ते ९० नंबरची भरड भुकटी. तिचा कण मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढा. ती दगडाला आकार देते, कोपरे पाडते, भेगा उघडून साफ करते. मग १२० ते २२० नंबर. ती भरड भुकटीचे ओरखडे पुसते, स्वतःचे बारीक ओरखडे सोडते. त्यानंतर ५०० किंवा त्याहून बारीक. शेवटी झिलईची पूड, बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड, म्हणजे आपल्या ओळखीच्या कुरुंदाचंच रसायन.

पहिल्या तीन टप्प्यांतली भुकटी असते सिलिकॉन कार्बाइडची. तिचा जन्म गमतीशीर आहे. १८९१ साली एडवर्ड ॲचेसन हा अमेरिकन संशोधक कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत होता. माती आणि कोळसा विजेने तापवून त्याने पाहिलं, हिरा काही मिळाला नाही, पण काळपट, चमकदार आणि अतिशय कठीण स्फटिक मिळाले. निसर्गात हा पदार्थ फार दुर्मीळ; त्यानंतर दोनच वर्षांनी आंरी म्वासाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला तो ॲरिझोनात पडलेल्या एका उल्केच्या तुकड्यात दिसला. आज कारखान्यातल्या धार लावायच्या चाकांपासून छंदाच्या पिंपापर्यंत तो सगळीकडे आहे. फुटला तरी त्याच्या कणाला नवी धार येते, हा त्याचा मोठा गुण.

पिंप भरण्याचंही तंत्र आहे. दोन तृतीयांश ते पाऊण भरायचं. कमी भरलं तर दगड उंचावरून आपटतात आणि टवके उडतात. ठासून भरलं तर हलतच नाहीत. पिंप फिरताना दगड एका बाजूने वर चढले पाहिजेत आणि एकमेकांवरून घसरत खाली आले पाहिजेत. काम होतं ते या घसरण्यात. वेग फार वाढवला तर दगड पिंपाच्या भिंतीला चिकटून नुसते फिरत राहतात, झीज शून्य. लहान-मोठे खडे मिसळले तर फटी भरतात आणि भुकटी सगळीकडे पोहोचते.

टप्पा बदलताना दगड, पिंप, झाकण सगळं स्वच्छ धुवावं लागतं. भरड भुकटीचा एखादा कण पुढच्या टप्प्यात गेला तरी आठवड्याच्या कामावर ओरखडा उमटतो. आणि पिंपातला राखाडी चिखल मोरीत ओतायचा नाही. तो पाइपात बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्यावा, वरचं पाणी काढावं आणि गाळ वाळवून टाकून द्यावा.

चमक येते कुठून?

झिलईची पूड दगडाला काही लावत नाही. वार्निश नाही, मेण नाही. तरी दगड चमकतो. याचं कारण प्रकाशात आहे. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन असते. दगडाच्या पृष्ठभागावरचे खड्डे-ओरखडे याहून मोठे असतील तर त्यांवर पडलेला प्रकाश दहा दिशांना विखुरतो आणि दगड पांढुरका, धुरकट दिसतो. ५०० नंबरच्या भुकटीनंतरही ओरखडे कित्येक मायक्रॉनचे असतात, म्हणून तेव्हा दगड हाताला रेशमी लागतो पण डोळ्यांना मंदच दिसतो. शेवटच्या टप्प्यात ओरखडे प्रकाशाच्या लहरीहून लहान होतात. प्रकाशाला ते जणू दिसतच नाहीत. मग तो आरशावरून परततो तसा एका दिशेने परततो, आणि उरलेला सरळ दगडाच्या आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो.

नदीतला ओला गोटा सुंदर दिसतो आणि घरी आणून वाळला की उदास होतो, त्याचं कारणही हेच. पाणी त्या खड्ड्यांमध्ये भरून पृष्ठभाग तात्पुरता सपाट करतं. पिंप तेच काम कायमचं करतं. म्हणून दगड निवडण्याची सोपी युक्ती : त्यावर पाणी शिंपडा. ओला जसा दिसेल, तसा घोटल्यावर दिसेल.

लाव्ह्यातले बुडबुडे

आता प्रश्न, दगड कुठला? महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होता. थरावर थर साचले. आजही या खडकाने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर म्हणजे हेच थर. पण हा काळा दगड पिंपात घालून फारसं काही मिळत नाही. त्यात मऊ-कठीण खनिजांचे कण मिसळलेले असतात. मऊ आधी झिजतात आणि पृष्ठभाग खडबडीतच राहतो. खजिना बेसाल्टमध्ये नाही, बेसाल्टमधल्या रिकाम्या जागांत आहे.

लाव्ह्यात वाफ आणि इतर वायू कोंडलेले असतात. लाव्हा पसरला की ते वर येऊ पाहतात आणि वरचा भाग निवतो तेव्हा तिथेच अडकतात. आंबोळीच्या वरच्या अंगाला जाळी पडते, तशी प्रत्येक थराच्या माथ्याला पोकळ्यांची जाळी पडली. पुढे लाखो वर्षं पाणी या खडकात मुरत राहिलं, खडकातली खनिजं विरघळवत राहिलं आणि पोकळ्यांत ती सोडत राहिलं. या भरलेल्या, जरा मऊ खडकाला विहीर खोदणारी माणसं मांजऱ्या म्हणतात.

पोकळीत सिलिका जमली की तयार होतो अकीक. पोकळीच्या भिंतीपासून आत, थरावर थर, इतके बारीक की काही सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. मधोमध जागा उरली तर तिथे स्फटिकांची दाटी होते. लोहाचा अंश असला तर तांबडा किंवा नारिंगी रंग येतो. ज्याला मॉस ॲगेट म्हणतात त्यात शेवाळं दिसतं, पण शेवाळं नसतं. लोह-मँगनीजच्या आणि हिरव्या खनिजांच्या त्या शाखा असतात. बेसाल्ट यथावकाश झिजून काळी माती होतो, अकीक झिजत नाही. म्हणून तो शेतात, ओढ्यात, गोदावरी-भीमेच्या वाळूत सुटा सापडतो.

टंबलिंगला अकीक सर्वांत योग्य का, तर कठीणपणामुळे. फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पट्टी बनवली. आपलं नख त्यावर अडीच, चाकूचं पोलाद आणि काच साडेपाचच्या आसपास, अकीक जवळजवळ सात. शिवाय त्याचे तंतू एकमेकांत असे गुंतलेले असतात की तो सहजी फुटत नाही; प्रयोगशाळेत नमुने कुटायला अकीकाचे खल वापरतात ते याचसाठी. एक नियम मात्र पाळावा : एका पिंपात एकाच कठीणपणाचे दगड. सातच्या शेजारी तीनचा दगड ठेवला तर त्याचा चिखल होतो.

पैठणच्या गाड्या, खंभातच्या पिशव्या

या दगडांवर आपल्या आधी पुष्कळांची नजर गेली. नेवाशाला प्रवरेकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या मध्य पुराश्मयुगीन माणसाने चर्ट, जास्पर आणि अकीक निवडून हत्यारं घडवली होती. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तान्तात तर पैठणचं नाव येतं. भडोचच्या बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या या शहरातून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या भरभरून अकीक जातीचे दगड येत, असं तो अनामिक लेखक लिहितो. सातवाहनांच्या राजधानीतला दगड भडोचमार्गे समुद्रापार जात होता.

घोटण्याची विद्या त्याहून जुनी. सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी घडवलेले तांबड्या अकीकाचे मणी इराकमध्ये ऊर येथील राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत, म्हणजे साडेचार हजार वर्षांमागे. ही परंपरा गुजरातेत खंभातला आजही चालू आहे. राजपिपळ्याजवळच्या रतनपूरच्या खाणीतला पिवळट दगड उन्हात वाळवतात, मडक्यात घालून शेणाच्या गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात. उष्णतेने त्यातलं लोह रूप बदलतं आणि दगड लाल होतो. आणि मण्यांना चकाकी द्यायची जुनी रीत ऐकण्यासारखी आहे : कातड्याच्या पिशवीत मणी, बारीक पूड आणि पाणी भरायचं, तोंड बांधायचं आणि दोन माणसांनी समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवायची. विजेचं पिंप आलं ते या पिशवीच्या जागी.

याच व्यवसायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अकीक कोरडा घासताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. खंभातच्या कितीतरी घासकामगारांनी या आजाराची किंमत मोजली आहे. त्यावर इलाज नाही. पिंपातलं काम ओलं असतं म्हणून धूळ उडत नाही. पण हौसेने दगड कापताना, घासताना पाणी वापरायचंच, आणि सुकलेला चिखल झाडायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचा.

हात लावू नये असे दगड

पोकळीत नेहमी अकीकच जमतो असं नाही. तिथे झिओलाइट कुळातली खनिजं फुलतात : मोरपिसासारखे स्टिल्बाइट, सुईसारखे स्कोलेसाइट, आणि त्यांच्या सोबतीला ॲपोफिलाइटचे काचेसारखे चौकटदार स्फटिक. १७५६ साली स्वीडनच्या ॲक्सेल क्रॉनस्टेटने स्टिल्बाइटसारखं खनिज तापवलं तेव्हा त्यातून वाफ उसळली. या खनिजांच्या सांगाड्यात सूक्ष्म पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी दडलेलं असतं. १८५६ ते १८६३ दरम्यान बोरघाटातून रेल्वे नेताना डोंगर फोडले गेले आणि सह्याद्रीची ही संपत्ती जगासमोर आली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत मिळालेलं गडद निळं कॅव्हान्साइट तर जगभरच्या संग्राहकांचं स्वप्न आहे. या खनिजाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९७३ साली झालं ते अमेरिकेतल्या ओरेगनच्या नमुन्यांवरून. पण सर्वांत देखणे नमुने वाघोलीचे.

हे स्फटिक पिंपात घातले तर तासाभरात पूड. ते मऊ, ठिसूळ आणि ठरावीक पातळीत तुटणारे. त्यांची चमक निसर्गाने आधीच पुरी केलेली आहे. छंदाचं खरं शहाणपण इथे येतं : कोणता दगड घोटायचा आणि कोणता जसा आहे तसा ठेवायचा, हे ओळखणं. डोळे तयार करायचे असतील तर नाशिक जिल्ह्यात सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहावं. आपल्या मातीखाली काय आहे हे तिथे एका दुपारी कळतं.

सुरुवात करायची तर

नव्या विहिरीच्या दगडांचा ढीग, रस्त्यासाठी फोडलेली दरड, पावसाळ्यानंतरचं ओढ्याचं पात्र, या उत्तम जागा. शेतमालकाला विचारून उचलावं. सुरुंग चालू असलेल्या खाणीत जाऊ नये. किल्ले, लेणी, अभयारण्यं आणि लोणारसारखी संरक्षित ठिकाणं पाहण्यासाठी आहेत, वेचण्यासाठी नाहीत. खड्याने काच ओरखडली तर तो कामाचा. लिंबाचा थेंब टाकून फेस आला तर तो कॅल्साइट, त्याला वेगळं काढावं. भेगाळलेले खडे पहिल्याच दिवशी टाकून द्यावेत. भेग झिलईने जात नाही.

आणि यंत्र घेण्याआधी एक वही घ्या. प्रत्येक दगडाला नंबर द्या आणि लिहा : गाव, नेमकी जागा, तारीख, मातीत मिळाला की खडकात. संग्रहालयातला लाखमोलाचा नमुना आणि कपाटातला शोभेचा खडा यांत मुख्य फरक असतो तो या चार ओळींच्या चिठ्ठीचा. ठिकाण हरवलेल्या दगडाचा अभ्यासाला उपयोग उरत नाही. पिंप पुढच्या वर्षीही घेता येईल. दगड कुठून उचलला, हे मात्र त्याच दिवशी लिहून ठेवा.